डुकरांच्या वाहतूक-नोंदींवरून रोगाचं मॉडेल करताय? या चुका टाळा

नागपुरातली पदव्युत्तरची मुलं मॉडेल, म्हणजे रोग एका फार्मवरून दुसऱ्यावर कसा पसरेल याचं संगणकी गणित, घेऊन येतात, तेव्हा मी आधी तारखांचा रकाना उघडायला लावतो. कारण आहे.

मागच्या मे महिन्यात एक जण इंग्लंडातल्या नोंदी घेऊन आला. "सर, रोग तीन फार्मनंतर आपोआप विझतो!" स्वारी खूश. तारखांचा आलेख काढायला लावला. दर महिन्याला 1 ते 12 तारखेपर्यंत खेपाच खेपा, 13 पासून शुकशुकाट. म्हटलं, बाप्पा, डुकरं काय पगार झाल्यावरच प्रवास करतात? फाइलमध्ये आधी दिवस, मग महिना. सॉफ्टवेअरने उलटं वाचलं. 12च्या पुढच्या नोंदी कोऱ्या पडल्या आणि याने त्या 'खराब' म्हणून उडवल्या. साठेक टक्के वाहतूक गायब! उरलेल्यांचेही हाल: 5 मार्चला आलेली आणि 5 एप्रिलला पुढे गेलेली खेप आता 3 मेला येऊन 4 मेला जात होती. तिकडे फार्मवर बाहेरचं डुक्कर आलं की कत्तलखान्याची वाट सोडून 20 दिवस डुकरं हलवता येत नाहीत. एवढा नियम वाचला असता तरी डोकं खाजवलं असतं. पण वाचायला वेळ कोणाला, सगळ्यांना रंगीत नकाशा हवा.

मी तारीख मजकूर म्हणूनच घेतो, तुकडे स्वतः जोडतो, आणि वीसेक नोंदी डोळ्यांनी वाचतो. कंटाळवाणं आहे, हो.

वर्षभराच्या खेपा एकाच जाळ्यात (फार्म म्हणजे ठिपका, खेप म्हणजे बाण) ओतू नका. 'ब'ने 'क'ला 3 तारखेला डुकरं विकली आणि 'अ'कडून 10ला घेतली, तर या खेपांवरून 'अ'चा रोग 'क'कडे जात नाही. बाण जुळतात, तारखा जुळत नाहीत.

कत्तलखान्यातून डुक्कर परतत नाही; न धुतलेला ट्रक रोग घेऊन परतू शकतो.

एका खेपेत दोन डुकरं की दोनशे, हे बघा.

आणि इथलं काम करणार असाल तर रजिस्टर कोरं म्हणजे हालचाल नाही, असं धरू नका. आपल्याकडची मोकाट, परसातली डुकरं टेम्पोत चढतात ती फोनवरच्या सौद्याने. शिवाय आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू न उकळलेल्या खरकट्यातूनही येतो. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ सुरू झाली, तीही नॉर्थम्बरलँडमधल्या खरकटं चारणाऱ्या डुक्कर-फार्मवरून. त्यामुळे हल्ली मुलांना मी विचारतो, खरकटं कोणत्या हॉटेलचं येतं? बहुतेकांनी डुक्करवाल्याला ते विचारलेलंच नसतं.