इटालियन मुलीच्या नावाचं मूळ कसं शोधावं: ‘जिनेव्रा’चा माग

इटलीतल्या माझ्या मैत्रिणीला मुलगी झाली. नाव ठेवलं जिनेव्रा. जुनिपरच्या झुडपाला इटालियनमध्ये ‘जिनेप्रो’ म्हणतात, तेव्हा नाव त्यावरूनच आलं असणार असं धरून मी शुभेच्छापत्रावर निळसर फळांची फांदी रंगवून पाठवली. चुकलंच माझं. ती चूक निस्तरताना हाती लागलेली पद्धत इथे सांगते.

आधी नाव इटालियन माणसाच्या तोंडून ऐका. इटालियनमध्ये ‘जी’ अक्षरापुढे ‘आय’ किंवा ‘ई’ आलं की उच्चार ‘ज’ होतो, आणि ‘सीएच’चा होतो ‘क’. म्हणून ‘क्यारा’ म्हणायचं, ‘चियारा’ नाही. उच्चार नीट कळला की मूळही दिसू लागतं. लॅटिनमधला ‘क्ल’ इटालियनमध्ये ‘क्य’ झाला: किल्लीला लॅटिनमध्ये ‘क्लाविस’, इटालियनमध्ये ‘क्यावे’. तसंच ‘क्लारा’चं, म्हणजे उजळ किंवा ख्यातनाम स्त्रीचं, ‘क्यारा’ झालं.

मग नावाचं शेपूट काढून बघा. ‘इना’, ‘एत्ता’, ‘एल्ला’ हे बहुतेकदा लाडाचे प्रत्यय असतात. अँतोनिएत्तामधून अँतोनिया निघते. आणि असुंता, कोंचेत्ता यांसारखी नावं थेट येशूची आई मेरी हिच्या सणांवरून आलेली आहेत. त्यांच्यासाठी साधा इटालियन शब्दकोश पुरतो.

जिनेव्राला तो पुरत नाही. तिथे दुसऱ्या भाषांतल्या बहिणी शोधाव्या लागतात. इंग्रजीत गिनिव्हिअर, म्हणजे ब्रिटनच्या दंतकथांमधल्या राजा आर्थरची राणी. वेल्शमध्ये ग्वेनह्वीवार. आपल्या ओळखीची जेनिफर हे त्याच नावाचं कॉर्निश, म्हणजे इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातलं, रूप. यातला ‘ग्वेन’ म्हणजे शुभ्र, गोरी, पवित्र. उरलेल्या भागाबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत: कुणी ‘मृदू’ म्हणतं, कुणी ‘छायारूप’. अशा वेळी दोन्ही अर्थ टिपून ठेवा, आवडेल तो एकच उचलू नका. आणि सारखं दिसतंय म्हणून नातं जोडू नका. जिनिव्हा शहरालाही इटालियनमध्ये ‘जिनेव्रा’च म्हणतात, पण ते नाव जुन्या ‘गेनावा’वरून आलंय, त्याचा राणीशी संबंध नाही.

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो: नाव इटलीत आलं कुठल्या वाटेनं? जिनेव्रा आली ती आर्थरच्या गोष्टींबरोबर. मोदेना इथल्या कॅथीड्रलच्या ‘पोर्ता देल्ला पेस्केरिया’ या दारावरच्या कमानीत आर्थरच्या वीरांची शिल्पं आहेत, बहुतेकांची नावं दगडात कोरलेली. त्यात किल्ल्यातल्या स्त्रीपाशी ‘विन्लोजे’ असं लिहिलंय. तीच आपली राणी, असं मानलं जातं. पुढे इटालियन कवी दांतेच्या ‘पारादीझो’ या काव्याच्या 16 व्या सर्गात ती ‘जिनेव्रा’ याच रूपात भेटते.

आता माझी फांदी. लिओनार्दोनं 1470 च्या दशकात फ्लॉरेन्समधल्या जिनेव्रा दे बेंची हिचं चित्र रंगवलं. ते आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. जेमतेम 38 सेंटीमीटर उंचीच्या लाकडी फळ्यावर रंगवलेलं. फिकट, न हसणारा चेहरा, आणि त्यामागे अणकुचीदार पानांचं गर्द जुनिपर. फळ्याच्या पाठीवरही लॉरेल आणि ताडाच्या फांद्यांच्या मधोमध जुनिपरची डहाळी. जिनेव्रा आणि जिनेप्रो यांवरचा हा श्लेष आहे. व्युत्पत्ती म्हणून तो खोटा. पण लोकांनी ते नाव कसं ऐकलं, हे त्यातून कळतं. म्हणून वहीत दोन रकाने करा: एकात मूळ, दुसऱ्यात लोकांनी मागाहून जोडलेला अर्थ.

मैत्रिणीला मी दुसरं पत्र पाठवलं. पुढच्या बाजूला ग्वेनची गोष्ट लिहिली, आणि जुनिपरची डहाळी पुन्हा काढली, या वेळी पाठीमागे.