संगणक वापराचे नियम लिहिताना: आधी नोंदी तपासा, मग कलमे लिहा

"संस्थेच्या संगणकांचा व इंटरनेटचा गैरवापर करू नये." बहुतेक वापर धोरणांची सुरुवात या वाक्याने होते आणि खरी वेळ आली की त्याचा काही उपयोग होत नाही. गैरवापर म्हणजे नेमके काय, तो झाला हे कळणार कसे आणि कळल्यावर पुढचे पाऊल कोण उचलणार, यातले काहीच त्यात नसते. जे तपासता येत नाही किंवा ज्यावर कोणी कारवाई करणार नाही, ते कलम लिहूच नये. असे कलम एखाद्या नावडत्या माणसाविरुद्ध कधीतरी बाहेर काढले जाते, आणि मग सगळ्याच नियमांवरचा विश्वास उडतो.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक चाचणी घ्या. नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारा: "गेल्या मंगळवारी दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी आपल्या जोडणीवरून बाहेरच्या अमुक सर्व्हरशी कोण जोडले गेले होते?" अर्ध्या तासात नाव मिळाले तर ठीक. बहुधा मिळत नाही, आणि त्याची कारणे ठरलेली असतात. सगळी संस्था बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने (इंटरनेटवरच्या ओळख क्रमांकाने) दिसते, त्यामुळे बाहेरून आलेल्या तक्रारीत नेमकी वेळ आणि सोर्स पोर्टचा क्रमांक (जोडणी ज्या पोर्टवरून निघाली तो) नसेल, तर आतले यंत्र शोधता येत नाही. पोर्ट मिळाला तरी फायरवॉलने (आत-बाहेरची वाहतूक तपासणाऱ्या यंत्रणेने) त्या जोडणीची नोंद ठेवलेली असावी लागते. पुढे तो आतला पत्ता त्या वेळी कोणत्या यंत्राला दिला होता, हे डीएचसीपीच्या (यंत्रांना आतले पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) नोंदींत पाहावे लागते. फायरवॉल यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितो आणि सर्व्हर स्थानिक वेळ, किंवा एखादे घड्याळ चार मिनिटे मागे असते, आणि भलत्याच माणसावर बोट ठेवले जाते. सगळ्या यंत्रांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) एकाच ठिकाणाहून जुळवून घ्या. काम दहा मिनिटांचे आहे, पण नेमके तेच राहून जाते.

वायफायला सगळ्यांसाठी एकच पासवर्ड असेल, तर 'प्रत्येक जण आपल्या वापराला जबाबदार राहील' हे कलम पोकळ आहे. यंत्रांचे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाचे मूळ क्रमांक) वहीत नोंदवून ठेवण्याचा जुना उपायही आता लंगडा झाला आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन मूळ पत्त्याऐवजी प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनवलेला पत्ता वापरतात. प्रत्येकाला स्वतःच्या नावाने लॉगिन द्या, म्हणजे ८०२.१एक्स पद्धतीचे वायफाय. पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे ठेवा आणि तिथून आतले सर्व्हर व प्रिंटर दिसणार नाहीत अशी सोय करा.

आता कलमांकडे. एका कलमात एकच कृती असावी आणि शक्यतो तिचे कारणही. नमुना म्हणून हे घ्या: "इंटरनेटचा वापर फक्त कामासाठी करावा." हे पहिल्याच दिवशी सगळे मोडतात, कारण बँकेचा शिल्लक आकडा कोण पाहत नाही? त्याऐवजी असे लिहा: "कामात अडथळा येणार नाही इतका वैयक्तिक वापर चालेल. टॉरेंटने फाइली उतरवणे कधीही चालणार नाही, कारण उतरवता उतरवता तीच फाइल संस्थेच्या पत्त्यावरून इतरांना पुरवली जाते आणि स्वामित्वहक्काची तक्रार संस्थेवर येते." दुसरे वाक्य वाचलेला माणूस 'मी तर फक्त डाउनलोड केले' असे म्हणू शकत नाही.

मनाई केलीत, तर त्याच कलमात पर्यायही सांगा. 'पासवर्ड कोणालाही देऊ नये' हे रजेच्या दिवशी मोडते. टपाल कोणीतरी पाहायलाच हवे असते आणि खातेदार गावाला गेलेला असतो. रजेच्या काळात मेलबॉक्स पाहण्याची परवानगी सहकाऱ्याच्या खात्याला कशी द्यायची, हे दोन ओळींत लिहिले की पासवर्ड चिठ्ठीवर फिरत नाहीत. पेन ड्राइव्ह बंद करायचे असतील, तर मोठी फाइल बाहेर पाठवण्याचा मार्ग द्या.

पासवर्डबद्दल एक जुनी सवय मात्र काढून टाका. दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावले की लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे की ठरावीक मुदतीने बदल लादू नये, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावावा. किमान १२ अक्षरे, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी पडताळणी आणि महत्त्वाच्या खात्यांना ओळख पटवण्याचा दुसरा टप्पा (जसे मोबाइलवरचा कोड), एवढे पुरे.

एआय चॅटबॉटसाठी साधनांची नावे लिहीत बसू नका, सहा महिन्यांत यादी शिळी होईल. नियम माहितीच्या प्रकारावर बांधा: गुण, पगार, आरोग्य आणि ओळखपत्रे यांचा मजकूर संस्थेने करार न केलेल्या कोणत्याही बाहेरच्या सेवेत चिकटवू नये.

देखरेखीचे कलम सर्वांत जपून लिहायचे. 'सर्व वापरावर लक्ष ठेवले जाईल' ही धमकी झाली. नेमके काय दिसते ते सांगा. एचटीटीपीएस (सांकेतिक केलेल्या) जोडणीत साधारणपणे संकेतस्थळाचे नाव दिसते, आतले पान किंवा लिहिलेला मजकूर दिसत नाही. संस्थेने यंत्रांत स्वतःचे रूट प्रमाणपत्र (ज्यावर यंत्र आपोआप विश्वास ठेवते) बसवून वाहतूक उघडली असेल, तर मजकूरही दिसतो. तसे असेल तर स्पष्ट लिहा, आणि बँका व आरोग्यसेवेची संकेतस्थळे त्यातून वगळा. युरोपियन मानवाधिकार न्यायालयाच्या ग्रँड चेंबरने बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया या खटल्यात २०१७ मध्ये हाच मुद्दा पाहिला: देखरेख होणार आणि किती खोलवर होणार, याची कल्पना कर्मचाऱ्याला आधी दिली होती का? ती दिलेली नव्हती. निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूने लागला. नोंदी कोण उघडू शकतो, कोणाच्या लेखी परवानगीने आणि किती दिवसांनी त्या पुसल्या जातात, हेही याच कलमात यावे. दिवसांचा आकडा आपल्या कायद्यातली किमान मुदत पाहूनच टाका.

संकेतस्थळे अडवणारा फिल्टर चुकतोच. स्तनांच्या कर्करोगाची माहिती अश्लील ठरवून अडवली जाते. अडलेले पान उघडून कोणाकडून घ्यायचे आणि उत्तर किती वेळात मिळेल (एक कामकाजाचा दिवस ठीक) हे फिल्टरच्या सूचना पानावरच छापा. नाहीतर लोक मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात आणि तुमच्या सगळ्या नोंदींना वळसा पडतो.

तक्रार आल्यावर पहिल्या तासात जे बिघडते ते पुढे दुरुस्त होत नाही. उत्साही माणूस संशयिताचा संगणक उघडून फोल्डर चाळतो, आणि फाइलींच्या शेवटच्या वापराच्या वेळा बदलू शकतात. दुसरा तो बंद करतो, आणि मेमरीतले सगळे जाते. धोरणात क्रम लिहून ठेवा: नेटवर्कची तार काढा, यंत्र चालू राहू द्या, वेळ टिपा, फायरवॉल व सर्व्हरच्या नोंदींची प्रत वेगळी काढा, मग अधिकाऱ्याला बोलवा. खाते तात्पुरते थांबवणे ही शिक्षा नव्हे, हेही तिथेच नमूद करा.

मसुदा तयार झाला की वेगवेगळ्या विभागांतल्या पाच जणांना द्या आणि दहा काल्पनिक प्रसंग सांगून 'चालेल की नाही' असे विचारा. एखाद्या प्रसंगावर उत्तरे फुटली, तर ते कलम पुन्हा लिहा. शेवटी लागू झाल्याची तारीख आणि आवृत्ती क्रमांक टाका. जुन्या आवृत्त्या फेकू नका, कारण एखादी घटना ज्या दिवशी घडली त्या दिवशी लागू असलेल्या आवृत्तीनेच ती तपासावी लागते.