‘सांगितलं होतं की!’ : बोलताना आणि ऐकताना होणाऱ्या या चुका टाळा

माझी आई लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हा शेजारच्या तेलुगू मावशींना तिने पहिल्यांदा चहाला बोलावलं. आई कपात चहा ओतत होती आणि मावशी म्हणाल्या, ‘चालु, चालु.’ आई ओतत राहिली. मावशींचा आवाज चढला, ‘चालु!’ चहा कपातून बशीत आला, बशीतून सतरंजीवर. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. मावशी नीट बोलल्या होत्या, आईने नीट ऐकलं होतं, तरी चहा सांडला.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात 22 वर्षं दिवाणजी आहे. दिवसभर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी कानावर पडते. एवढ्या वर्षांत सुतामुळे जेवढा माल परत आला, त्याहून जास्त बोलण्यामुळे आला. बोलणारा म्हणतो, ‘मी सांगितलं होतं की!’ ऐकणारा म्हणतो, ‘तुम्ही असं कुठं म्हणालात?’ दोघंही खरं बोलत असतात, आणि म्हणूनच ते भांडण लवकर मिटत नाही.

‘मागच्यासारखंच पाठवा’

एका जुन्या पार्टीचा फोन आला. ‘मागच्यासारखंच पाठवा.’ मी मागचं बिल काढलं, तेच पांढरे नॅपकिन, तोच आकार, 40 डझन. माल पोचला आणि फोन आला. त्यांच्या मनात ‘मागचं’ म्हणजे संक्रांतीला नेलेले रंगीत टॉवेल होते. मधे त्यांच्या मुलाने नॅपकिन मागवले होते, ते त्यांच्या हिशेबातच नव्हते. गाडीभाडं दोन्हीकडचं आमच्या अंगावर पडलं.

मी त्यांना बरेच दिवस दोष देत होतो. मग एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि माझा दोष माझ्या लक्षात आला. 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला आणि समोरच्याला गाणं ओळखायला सांगितलं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखतील. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, सूर आणि शब्दांसकट. समोरच्याला ऐकू येते फक्त टकटक. आपण सूचना देतो तेव्हा नेमकं हेच होतं. आपल्या डोक्यातलं गाणं समोरच्याच्याही डोक्यात वाजतंय, असं धरून आपण चालतो.

आपल्या मराठीत तर अशा जागा पावलोपावली आहेत. ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेला दिवस, आणि येणाराही. ‘परवाचा माल’ म्हटलं की कुठला? ‘आपण उद्या जायचं’ यातला ‘आपण’ म्हणजे आपण दोघं, की आदराने ‘तुम्ही’? आणि ‘बघतो की’ हा होकार आहे की तोंडावर देता न आलेला नकार, हे सांगणाऱ्यालाही कधीकधी ठाऊक नसतं. म्हणून मी ऑर्डरवहीत ‘परवा’ हा शब्द बंद केला आहे. वार आणि तारीख, दोन्ही लिहायची. ‘मागच्यासारखं’ आलं की बिल नंबर विचारायचा.

‘कळलं ना?’

या प्रश्नाला आजवर कुणी ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. चारचौघांत, मालकासमोर, ‘नाही कळलं’ म्हणणं म्हणजे आपलं अज्ञान कबूल करणं. त्यामुळे मान हलते. त्यातही आपल्याकडची ती आडवी डुलणारी मान! ती ‘हो’ म्हणते, ‘ऐकतोय’ म्हणते आणि ‘बरं, बघू’ही म्हणते.

त्याऐवजी ‘मग आता पहिलं काय करणार, सांगा’ असं विचारा. त्याच्या तोंडून ते एकदा आलं की फट लगेच दिसते. विमानाचे वैमानिक आणि कंट्रोल टॉवर हेच करतात. दिलेली सूचना परत म्हणून दाखवतात. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. त्या दिवशी धुकं होतं, घाई होती, पण बोलण्याचाही वाटा मोठा होता. एका वैमानिकाचं अर्धवट इंग्रजी वाक्य ‘आम्ही निघतोय’ आणि ‘आम्ही निघायला तयार आहोत’ असं दोन्हीकडे लागू शकत होतं. टॉवरने आधी ‘ओके’ म्हटलं, आणि ‘थांबा, मी सांगतो’ हे पुढचे शब्द दुसऱ्या विमानाच्या संदेशात मिसळून खरखरीत हरवले. त्यानंतर बोलण्याचे नियम आवळले गेले. आता ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा.

मेसेजचंही असंच. ‘ठीक आहे.’ एवढंच लिहिलं की काहींना ते तुटक वाटतं, लिहिणाऱ्याला फक्त काम उरकायचं असतं. पैशाचा किंवा मनाचा विषय असेल तर सरळ फोन लावा. आणि उत्तर न देणं म्हणजे काहीच न सांगणं, असं समजू नका. पॉल वॉट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मांडलेलं तत्त्व आहे की माणसाला संवाद न करणं जमतच नाही. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका आणि चार दिवस शांतता, यातूनही समोरचा काहीतरी वाचतोच. बहुतेकदा वाईटच.

एक गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत छातीठोकपणे सांगतात की संवादात शब्दांना फक्त 7 टक्के महत्त्व, बाकी आवाज आणि हावभाव. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतला, आणि ते प्रयोग शब्द आणि सूर जुळत नसताना समोरच्याला आपण आवडतो की नाही, हे माणूस कशावरून ओळखतो एवढ्यापुरते होते. शब्दांना 7 टक्केच किंमत असती, तर मी फोनवर ऑर्डर कशी घेतली असती?

‘मुद्दाम करतोय’

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती मी दोन वर्षं केली.

आमच्याकडे एक जुने कामगार होते. सगळे त्यांना मामा म्हणत. तिशी-पस्तिशीपासून मागावर उभे. मी म्हणायचो, ‘मामा, साठ नग वेगळे काढा.’ ते आठ काढून ठेवायचे. जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, म्हणायचा, ‘मामा माजलेत. मुद्दाम करतात.’ मलाही पटायचं. मागून हाक मारली तर वळत नसत, आणि विचारलं एक तर उत्तर भलतंच.

एकदा दुपारी लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत मी मागून नेहमीच्या आवाजात म्हटलं, ‘मामा, साठ झाले का?’ ते म्हणाले, ‘आठ केव्हाच झाले.’ माझ्या पोटात कालवलं.

सतत मोठ्या आवाजात काम केलं की कानातल्या बारीक केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. आधी जातात ते 4000 हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर. आपल्या बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ त्याच बाजूला असतात, ‘आ’, ‘ओ’ खाली असतात. म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाही. ‘साठ’मधला ‘स’ गळला की उरतं ‘आठ’. मामा दोन वर्षं बरोबर तेवढेच नग देत होते, त्यांच्या कानाला जेवढे सांगितले गेले तेवढे.

दुसऱ्याचं चुकलं की त्याचा स्वभाव वाईट, त्याची परिस्थिती आपण बघतच नाही. माणसाच्या या प्रवृत्तीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये ‘मूलभूत आरोपण दोष’ असं नाव दिलं. बोलीतही हेच होतं. सोलापुरात मित्राला ‘काय बे, कुठं होतास?’ म्हणणं ही माया. बाहेरून आलेला माणूस त्यात उद्धटपणा ऐकतो. राग येण्याआधी दुसरं एक तरी कारण शोधून बघा.

कमी ऐकू येणाऱ्या माणसावर ओरडू नका. ओरडल्याने ‘आ’ मोठा होतो, ‘स’ नाही, आणि तोंड वेडंवाकडं होऊन ओठही वाचता येत नाहीत. ओठ फार कामाचे असतात. 1976 मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं की कानावर ‘बा’ पडत असताना डोळ्यांना ‘गा’ म्हणणारे ओठ दिसले, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येतं. डोळेही ऐकत असतात. तेव्हा उजेडाकडे तोंड करून समोर या. आधी नावाने हाक मारा, त्याचं लक्ष आलं की काम सांगा. आकडा दोन प्रकारे सांगा: ‘साठ, पन्नास आणि वर दहा.’ क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये तारांवरच्या संदेशांचं गणित मांडताना हेच दाखवलं होतं, की गोंगाटातून संदेश पोचवायचा तर थोडं जादा सांगावं लागतं. फोनवर तर ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ हमखास उलटे होतात. तिथे ‘पाच नऊ’, ‘सहा नऊ’ असे सुटे अंक सांगा.

आणि घरात कुणी मागावर काम केलेलं असेल, टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेऊन श्रवणचाचणी करून घ्या. रोज 8 तास 85 डेसिबलच्या वर कान राहिले की धोका सुरू होतो. मागावर आत्ता असलेल्यांनी कानात बोळे घालायला लाज बाळगू नये.

मामांना कानाचं मशीन मिळालं ते निवृत्तीच्या आदल्या वर्षी. पहिल्या दिवशी ते ऑफिसात आले, खुर्चीवर बसले आणि विचारलं, ‘दिवाणजी, हा टिकटिक आवाज कसला येतोय?’ भिंतीवरचं घड्याळ होतं. त्यांच्या डोक्यावर ते कितीतरी वर्षं चालत होतं.