टेक्स्ट रोलप्लेमध्ये क्वेस्ट खेळायची कशी, सातारा-सांगलीच्या पोरापोरींसाठी

सातारा, कराड, सांगली, मिरज इकडनं लय जण विचारतात की टेक्स्ट रोलप्लेमध्ये क्वेस्ट खेळायची म्हंजे नक्की करायचं काय, त्यात ग्राफिक्स नाही, मॅप नाही, बटण नाही, मग गेम कुठाय. म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. टेक्स्ट रोलप्ले म्हंजे एखादं पात्र घेऊन नुसतं लिहून खेळायचं, आणि क्वेस्ट म्हंजे त्यातली एक मोहीम, जी पात्रांनी मिळून पार पाडायची.

गेम मास्टर, म्हंजे जीएम, एक प्रसंग लिहून टाकतो. तुम्ही तुमच्या पात्रानं त्यात काय केलं ते लिहायचं, दुसरा त्याच्या पात्राचं लिहिणार, जिथं जमेल की नाही याची खात्री नाही तिथं फासा टाकायचा, आणि निकाल बघून जीएम पुढचं लिहिणार. असं करत करत गोष्ट पुढं जाते आणि शेवटी क्वेस्ट एकतर पूर्ण होते किंवा फसते. बास, एवढंच. हा प्रकार काल-परवाचा नाहीये. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं आणि फासे घेऊन टेबलावर खेळायचा गेम १९७४ ला आला, आणि १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड नावाचा गेम केला ज्यात बरेच जण एकाच वेळी नुसतं टाइप करून एकाच दुनियेत फिरायचे. आपण आज डिस्कॉर्डवर किंवा टेलिग्रामवर जे करतो ते त्याच घराण्यातलं. आणि याला भारी फोन लागत नाही, एसटीत बसून रेंज येईल तशी पोस्ट टाकता येते, हे आपल्या भागासाठी लय सोयीचं आहे.

आधी जागा. डिस्कॉर्ड असेल तर उत्तम, कारण तिथं एक चॅनेल फक्त गोष्टीसाठी, एक गप्पांसाठी आणि एक फाशांसाठी असं वेगवेगळं ठेवता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर खेळणार असाल तर निदान दोन ग्रुप करा, एक गोष्टीचा आणि एक बाहेरच्या बोलण्याचा, नाहीतर विहिरीत उतरतानाच्या पोस्टच्या मध्येच कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि सगळा मूड जातो. टेलिग्रामवर फाशाची इमोजी पाठवली की ती आपोआप फिरते आणि आकडा सर्व्हरकडून येतो, त्यात कुणाला फसवता येत नाही. डिस्कॉर्डवर फाशाचे बॉट, म्हंजे आपोआप फासा टाकणारे छोटे प्रोग्रॅम, मिळतात. काहीच नसेल तर घरातला लुडोचा फासा, पण मग एकमेकांवर विश्वास पाहिजे.

नव्या ग्रुपमध्ये शिरल्या शिरल्या पोस्ट टाकू नका. नियम वाचा, चालू क्वेस्टची पहिली पोस्ट वाचा, शेवटच्या आठ-दहा पोस्ट वाचा, आणि मग जीएमला विचारा की दादा किंवा ताई, मला कुठनं आत घेता येईल. चांगला जीएम तुमच्यासाठी एक दार काढतोच.

आता पात्र. लोक इथं चार पानं पूर्वकथा लिहितात, आईवडील मेले, गाव जळालं, सूड घ्यायचाय वगैरे, आणि ती कुणी वाचत नाही. माझं म्हणणं असं की तीन गोष्टी पुरतात: त्याला आत्ता काय पाहिजे, त्याला कशाची भीती वाटते, आणि बाकीच्या पात्रांपैकी एकाशी त्याचं नातं काय. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळे विसरतात. तुमचा शिलेदार एकटाच मिरवत असेल तर त्याच्याशी बोलायला कुणाला कारणच नाही. पण त्यानं वैद्यबुवांकडनं उसने पैसे घेतलेत आणि ते फेडलेले नाहीत, एवढं जरी असलं तरी दोघांना पहिल्या पोस्टपासून बोलायला विषय मिळतो.

उदाहरण घेऊनच सांगतो. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे, बऱ्याच जणांनी बघितली असेल. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली, अष्टकोनी, खोली साधारण ११० फूट, आणि मध्येच दगडी महाल. क्वेस्टसाठी यापेक्षा भारी जागा मला तरी सुचत नाही, ड्रॅगनची गुहा शोधायला लांब जायची गरजच नाही. समजा क्वेस्ट अशी आहे: साल १७२५, एक जासूद पत्र घेऊन साताऱ्याकडं निघाला आणि पोचलाच नाही, शेवटचा दिसला तो या विहिरीवर. जीएमची पोस्ट अशी:

«दिवस मावळायला आलाय. थारोळ्यात पाण्याचा थेंब नाही. एका मोटेचा नाडा तुटून काठावर पडलाय. खाली महालाच्या बाजूनं काहीतरी घासल्यासारखा आवाज येतोय, मग थांबतोय.»

आता तुमचं पात्र आहे सखू, मोटकऱ्याची लेक. एक जण लिहितो, «सखू खाली उतरली, तिला पत्र सापडलं, दोन चोर होते त्यांना तिनं लोळवलं आणि वर आली.» ही पोस्ट नाही, ही चोरी आहे. जीएमनं आठवडाभर विचार करून ठेवलेलं सगळं दोन ओळीत संपवलं आणि बाकीच्या तिघांनी काय करायचं? दुसरा जण लिहितो, «सखू आजूबाजूला बघते.» हेही कामाचं नाही, कारण त्यात पकडायला काहीच नाही. आता हे बघा:

«सखूनं नाड्याचं तुटकं टोक बोटांनी चाचपलं. असले नाडे ती ल्हानपणापास्नं बघत आलीय, झिजून तुटलेला कसा असतो तिला ठाऊक हाय. ‘वैद्यबुवा, जरा दिवटी हिकडं धरा,’ ती हळूच म्हणाली. खालचा आवाज पुन्हा आला तसा तिनं वाक्य अर्धंच सोडलं आणि पायऱ्यांकडं बोट केलं.»

चारच वाक्यं, पण बघा काय काय झालं. नाडा कापलाय की झिजलाय हे सखूनं स्वतः ठरवलं नाही, फक्त चाचपला, म्हंजे जीएमला उत्तर द्यायची जागा ठेवली. वैद्यबुवा खेळणाऱ्याला सरळ काम मिळालं. आवाज सगळ्यांच्या पुन्हा लक्षात आणून दिला. आणि सखू मोटकऱ्याची लेक आहे हे कुठंही न सांगता कळलं. टेक्स्ट क्वेस्ट म्हंजे खो-खो आहे, तुमची पोस्ट संपताना कुणालातरी खो मिळाला पाहिजे. पोस्ट पाठवायच्या आधी शेवटची ओळ वाचा आणि स्वतःला विचारा, आता यावर कोण काय लिहील? उत्तर सुचलं नाही तर पोस्ट अजून तयार नाही. मी तर म्हणेन भाषा थोडी कच्ची असू दे, शुद्धलेखन चुकू दे, पण खो चुकवू नका.

यातनंच पुढचे दोन नियम आपोआप येतात. एक, दुसऱ्याचं पात्र तुम्ही हलवायचं नाही. «वैद्यबुवा घाबरून मागं सरले» हे तुम्ही लिहायचं नाही, ते वैद्यबुवा खेळणारा ठरवणार. तुम्ही दिवटी पुढं करा, घेतली की नाही ते तो लिहील. मारामारीत तर हे जास्तच पाळायचं, «मी तलवार फिरवली» इथं थांबायचं, लागली की नाही ते फासा सांगणार. दोन, तुम्हाला माहितीय म्हंजे तुमच्या पात्राला माहितीय असं नाही. शिलेदार महालात एकटा असताना त्यानं काय बघितलं ते तुम्ही ग्रुपवर वाचलंत, पण काठावर उभ्या सखूला ते कसं कळणार? तिला त्यानं ओरडून सांगितलं तरच. हे पाळलं की गंमत दुप्पट होते कारण संकट दिसत असूनही पात्राला त्यात जाऊ द्यावं लागतं.

फाशांचं गणित घाबरायसारखं नाही. वीस बाजूंचा फासा असेल तर जीएम अवघडपणाचा आकडा ठरवतो, समजा १३, आणि शेवाळलेल्या पायऱ्या उतरायला सखूला २ चा बोनस आहे, म्हंजे फाशाच्या आकड्यात २ मिळवायचे, तर फाशावर ११ किंवा वर यायला पाहिजे, म्हंजे बरोबर निम्मी शक्यता. दुसरी पद्धत दोन साध्या फाशांची, आणि ग्रुपवर खेळायला मला तीच जास्त आवडते. बेरीज १० किंवा वर आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होतं पण काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा खाली आली तर फसलं. एकूण ३६ शक्यतांपैकी ६ फत्ते, १५ मधल्या आणि १५ फसलेल्या. नुसता १ चा बोनस असला तरी फसायच्या शक्यता १५ वरनं १० वर येतात, त्यामुळं आपलं पात्र ज्यात तरबेज आहे तेच काम त्याच्याकडनं करून घ्यायला शिका.

मधला निकाल म्हंजे सोनं आहे. सखू खाली पोचली, पण दिवटी विझली. आता काडेपेटी काढू नका, १७२५ ला काडेपेटी नव्हती, चकमक काढा. जुन्या काळातली क्वेस्ट असली की असल्या गोष्टी जरा तपासून घ्याव्या लागतात. मिरजेचा सतारमेकर पात्र म्हणून कितीही भारी वाटला तरी मिरजेत तंतुवाद्यं बनवायचं काम एकोणिसाव्या शतकात सुरू झालंय, आणि सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा आहे, त्यावरनं तुमचा घोडेस्वार १७२५ ला नाही जाऊ शकत, त्याला नावेनंच पलीकडं घाला. चुकलं तर कुणी फाशी देत नाही, पण बरोबर असलं की गोष्टीला वजन येतं. आणि एक मनापासून सांगतो, महाराजांना किंवा खऱ्या ऐतिहासिक माणसांना पात्र म्हणून घेऊन त्यांच्या तोंडी वाट्टेल ते घालू नका. जासूद, मोटकरी, वैद्य, सराफ, नावाडी, अशी साधी माणसं घ्या, गोष्ट त्यांचीच असते.

फासा फसला की रुसायचं नाही. फसलं म्हंजे «काही झालं नाही» असं जीएमनंही लिहायचं नाही. सखूचा पाय घसरला तर ती खालच्या कट्ट्यावर पडली आणि तिथंच तिला जासुदाची पगडी दिसली, असं काहीतरी. फसल्यावर गोष्ट थांबली तर ती जीएमची चूक.

क्लू लक्षात ठेवायला एक वही ठेवाच, किंवा ग्रुपमध्ये एक मेसेज पिन करा. टेक्स्ट गेम आठवडे चालतो आणि मंगळवारी दिलेला धागा पुढच्या रविवारी कुणाला आठवत नाही. लिंबच्या विहिरीचंच बघा, नाव बारा मोटेची, पण मोटा लावायची सोय पंधराची आहे. जीएमनं पहिल्या पोस्टमध्ये सहज «पंधरा» लिहून ठेवलं आणि जासुदाच्या चिठ्ठीत «तेराव्याखाली» असं आलं, तर जो वहीत लिहून ठेवतो त्यालाच ते लागणार. जीएम लोकांसाठी: महत्त्वाची गोष्ट एकाच क्लूवर टांगू नका, दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण एक तर नक्कीच कुणी वाचणार नाही.

वेग हा खरा डोकेदुखीचा भाग आहे. बहुतेक क्वेस्ट राक्षसानं नाही मरत, गप्प बसण्यानं मरतात. सुरुवातीलाच ठरवा की कोण किती दिवसांत पोस्ट टाकणार, मला दोन दिवसाला एक पोस्ट हा हिशोब बरा वाटतो. कुणाची परीक्षा असते, कुणी कारखान्यात शिफ्टला असतं, हंगाम चालू झाला की कुणाच्या घरी उसाला तोड येते, कुणाला रात्रीच्या लाइटीवर पाणी पाजायला रानात जावं लागतं. यात काही वाईट नाही, फक्त आधी सांगा. «आठवडाभर नाहीये, सखू काठावर पहारा देईल» एवढी एक ओळ टाकली की बाकीचे अडकत नाहीत. न सांगता गायब झालेल्या पात्रासाठी जीएमनं दोन दिवस वाट बघावी आणि मग त्याला सावधपणे मागं चालू द्यावं, मारू नये. गणपतीत तर सरळ सुट्टी जाहीर करा, त्या दिवसांत कुणीच लिहीत नाही.

बोलीबद्दल पण सांगायला पाहिजे. निवेदन तुम्हाला जमेल त्या मराठीत लिहा, पण पात्रांना त्यांच्या तोंडची भाषा बोलू द्या. आपल्याकडचं «काय करायलाईस», «न्हाई बा», «हिकडं ये की» हे टाइप करायला लाजू नका, सखू पुस्तकी बोलायला लागली की ती सखू राहतच नाही.

आणि सुरक्षिततेचं, हे हलक्यात घेऊ नका. ग्रुपमध्ये शाळकरी पोरं असतील तर क्वेस्ट त्यांच्यासमोर चालेल अशीच पाहिजे. नंबर, पत्ता, कॉलेज, फोटो कुणालाही द्यायचे नाहीत, समोरचा कितीही गोड बोलत असला तरी. पात्राचं नातं पात्रापुरतं, कुणी त्या नावाखाली खाजगीत येऊन त्रास देत असेल तर स्क्रीनशॉट काढा, जीएमला दाखवा आणि ब्लॉक करा. कुठले विषय आपल्या क्वेस्टमध्ये नकोतच हे आधी विचारून घ्या, आणि मध्येच कुणाला काही सहन होईनासं झालं तर «थांबा» एवढं लिहिलं की प्रसंग तिथंच तोडायचा, कारण विचारायचं नाही.

क्वेस्ट संपत आली की घाई होते, सगळ्यांना पत्र आपल्याच हातात पाहिजे असतं. तिथं जरा थांबा, प्रत्येक पात्राला एक शेवटची पोस्ट द्या, ज्याला उसने पैसे फेडायचेत त्यानं फेडू दे. मग जीएमनं समारोपाची पोस्ट टाकायची आणि कुठला धागा सुटा राहिला ते लिहून ठेवायचं. सगळा लॉग, म्हंजे सगळ्या पोस्ट, त्याच दिवशी जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एक्सपोर्ट चॅट आहे, टेलिग्रामच्या कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपमध्येही एक्सपोर्ट मिळतो, डिस्कॉर्डवर असाल तर गोष्टीचं चॅनेल कॉपी करून गूगल डॉक्समध्ये टाका आणि सगळ्यांना लिंक द्या. पुढच्या क्वेस्टला नवा माणूस आला की त्याला आधी तेच वाचायला लावायचं.