भुसावळच्या उन्हाळ्यात कारुसोची तबकडी वाजवायची तर

आधी एक सांगून ठेवतो, स्पिरिट लावू नका. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या हाताशी स्पिरिटची बाटली असतेच. कारुसो म्हणजे इटलीचा जुन्या काळचा ऑपेरा गायक; त्याची पहिली ग्रामोफोन तबकडी हातात आली तेव्हा मी कापसाचा बोळा भिजवला, पुसली, आणि चकाकी बोळ्यासकट निघून आली. या तबकड्यांत लाख असते आणि लाख स्पिरिटात विरघळते. एखाद्या पॉलिशवाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. साधं पाणी, थेंबभर शाम्पू, मऊ ब्रश. खाचांच्या दिशेने गोल फिरवा, मधला कागद भिजू देऊ नका, सावलीत वाळवा.

दुसरा शत्रू ऊन. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ गाठतो. पत्र्याच्या खोलीत तिरकी टेकवलेली तबकडी चार दिवसांत ताटलीसारखी होते. अशी झालीच तर दोन जाड काचांमध्ये धरून थोडा वेळ उन्हात ठेवा, आणि तिथून हलू नका. ती हळूहळू सपाट बसते. मग काचांसकट सावलीत आणून वर वजन ठेवायचं. मी पाटा ठेवतो. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. एरवी तबकड्या सरळ उभ्या, एकमेकींना टेकून ठेवाव्यात.

चावीच्या ग्रामोफोनला दर बाजूला नवी सुई. इथे कंजूषपणा नको. झिजलेली सुई खाच खरवडते. वेगाचंही बघा. १९२०च्या आधी मिनिटाला ७८ फेरे हा आकडा कुणी काटेकोर पाळत नसे. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवा, सुई टेकवून मिनिटभर फेरे मोजा. आवाज चिरका वाटला तर ७६पर्यंत उतरवून पाहा. दोन फेऱ्यांनी गळा भरल्यासारखा होतो. आणि दुसरी बाजू कोरी निघाली तर फसवलं असं समजू नका. कारुसोच्या अमेरिकेतल्या तबकड्या त्याच्या हयातीत एकाच बाजूला छापत.

आता गाणं. एन्रिको कारुसो नेपल्सचा, जन्म १८७३. ११ एप्रिल १९०२ला मिलानच्या एका हॉटेलात ग्रामोफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कर्ण्यासमोर उभं करून त्याची दहा गाणी घेतली. हाच गैसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यात गायिका गौहर जानच्या समोर कर्णा लावून बसला होता. माइक नव्हता. विजेचं ध्वनिमुद्रण १९२५ला आलं, कारुसो १९२१मध्येच गेला होता. म्हणून मागची वाद्यं डब्यात वाजल्यासारखी येतात, त्यांच्याकडे कान देऊ नका. त्याचा आवाज मात्र कर्ण्याला मानवला होता. मोबाइलवर ऐकणार असाल तर खरखर अजिबात नसलेली प्रत टाळा. खरखर धुताना गळ्याची धारही धुतली जाते.

सुरुवात ‘वेस्ती ला जुब्बा’ने करा, १९०७ची. लिओनकाव्हालोच्या ‘पालियाची’ या ऑपेरातलं, म्हणजे संगीत नाटकातलं. जुब्बा म्हणजे आपला झब्बाच, दोन्हींचं मूळ अरबी. फडमालक कानिओला बायकोचं प्रकरण नुकतंच कळलंय, आणि खेळाची वेळ झालीय. झब्बा चढव, तोंडाला पीठ फास, लोकांनी हसायला पैसे दिलेत. आपल्या फडातला सोंगाड्या पाहिलेल्याला याहून जास्त सांगायची गरज नाही. पहिल्यांदा फक्त एवढंच ऐका: तो आधी कडवट हसतो, मग मोठा सूर वर नेताना आवाज फाटू देत नाही, आणि हुंदका शेवटासाठी राखून ठेवतो. नंतरच्या कित्येकांनी तो हुंदका उचलला, पण तो आधीच खर्चून टाकला.

शेजारचा केळीवाला एकदा दुकानात टेकला होता. गाणं संपल्यावर म्हणाला, “भो, हा रडून राहिला का हसून राहिला?”

मी सुयांची डबी उघडली, नवी सुई बसवली आणि पुन्हा चावी भरली.