सांडपाण्यावरील रानांसाठी रब्बी सल्ला: मोहरीने कॅडमियम काढण्यापूर्वी

शहरांच्या आणि औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या सांडपाण्यावर वर्षानुवर्षे भाजीपाला घेतलेल्या रानांत कॅडमियम, शिसे, क्रोमियम व निकेल हे जड धातू साठण्याचा धोका असतो. मोहरीसारखी काही पिके हे धातू मुळांवाटे शोषून घेतात आणि कापणीबरोबर ते शेताबाहेर काढता येतात, हे खरे आहे. मात्र ज्या पाण्याने धातू आला ते पाणी चालूच राहणार असेल, तर या खटाटोपात पडू नये.

खरीप निघताच, नांगरटीपूर्वी मातीचे नमुने घ्यावेत. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य अन्नद्रव्ये आणि जस्त, लोह यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये येतात. कॅडमियम व शिसे येत नाहीत, त्यामुळे त्यांची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. एरवी शेतभर फिरून गोळा केलेली माती आपण एकत्र करतो, तसे येथे करू नये. सांडपाण्यातला गाळ पाटाच्या तोंडाशी, पहिल्या दोन-चार साऱ्यांत सर्वाधिक बसतो आणि ती माती शेवटच्या साऱ्यांतल्या मातीत मिसळली की अहवालात खरे दुखणे झाकले जाते. तोंडाजवळची, मधली आणि शेवटची माती १५ सेंमी खोलीपर्यंत, वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा गंजलेले अवजार वापरू नये.

अहवाल हाती आल्यावर साधा हिशेब करावा. एक एकराच्या वरच्या १५ सेंमी थराचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते, म्हणजे किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम कमी करायचे तर एकरातून ९०० ग्रॅम बाहेर जायला हवे. मोहरीचा वाळलेला माल एकरी ३ टन आणि त्यात किलोमागे २० मिलिग्रॅम कॅडमियम, असे सढळ हाताने धरले तरी एका हंगामात ६० ग्रॅमच निघते. म्हणजे पंधरा हंगाम. शिशाचे तर विचारूच नये: ते मातीला घट्ट धरून असते, पिकात आले तरी बहुतांशी मुळांतच अडकते, आणि किलोमागे १०० मिलिग्रॅम कमी करायचे तर एकरातून ९० किलो काढावे लागेल. ईडीटीए हे धातू विरघळवणारे रसायन टाकून शिसे सुटे करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये, कारण सुटलेला धातू पिकात जाण्याऐवजी विहिरीत उतरू शकतो.

म्हणून हा उपाय सौम्य प्रमाणातल्या कॅडमियमपुरता आणि हलक्या किंवा आम्लधर्मी जमिनीपुरता धरावा. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅडमियम बांधलेले राहते. खाण्याच्या पिकासाठी ते बरे असले तरी उपसण्यासाठी गैरसोयीचे आहे. जपानमध्ये चोकोकोकु हे कॅडमियम भरपूर शोषणारे भाताचे वाण दोन वर्षे, पाणी तोडून घेतल्यावर मातीतले कॅडमियम सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. पाणी तुंबलेल्या खाचरात कॅडमियम अविद्राव्य होते, म्हणून पाणी तोडणे तेथे महत्त्वाचे ठरले.

मोहरी घ्यायचीच असेल तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून, वाफसा पाहून एकरी सुमारे २ किलो बियाणे पेरावे. या हंगामात जस्त सल्फेट व चुना देऊ नये. जस्ताने कॅडमियमचे शोषण कमी होऊ शकते, आणि तो गुण पुढे खाण्याच्या पिकांत कामी येतो. दाणे भरण्याची वाट न पाहता फुलोरा संपताना झाडे मुळासकट उपटावीत, कारण पाने गळाली की त्यांतला धातू पुन्हा जमिनीतच जातो. कोवळी पाने भाजीला खुडू नयेत, जनावरांपुढे टाकू नयेत.

खरी अडचण उपटलेल्या मालाची आहे. तो उकिरड्यात, गांडूळ खतात किंवा चुलीत गेला, अथवा बांधावर पेटवला, तर केलेले सगळे काम वाया जाते. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे आहेत. एकट्या शेतकऱ्याला तेथवर माल नेणे परवडणारे नाही, तेव्हा पेरणीपूर्वीच ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलून व्यवस्था ठरवावी. व्यवस्था होत नसेल तर मोहरी पेरू नये.

अशा वेळी झेंडू किंवा पुढच्या खरिपात एरंड घेणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण त्यातून पैसाही मिळतो आणि धातू ताटात येत नाही. फक्त एरंडीची पेंड खत म्हणून दुसऱ्या रानात टाकू नये. कापसाचाही पर्याय आहे, पण सरकीची पेंड जनावरांच्या खाद्यात जाते हे विसरू नये.

भाजीपाल्याकडे परतताना आधी शेंगवर्गीय व फळभाज्या घ्याव्यात आणि पालक, माठ, कोथिंबीर शेवटी. पाटाच्या तोंडाशी पालकाचा एकच वाफा करून पाने तपासावीत. पालेभाजीत कॅडमियमची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानके) मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे, आणि त्या वाफ्याची पाने तिच्या आत आल्याशिवाय पालेभाजी बाजारात नेऊ नये.