वारंवारतेवरून तरंगलांबी काढताना या चुका टाळा

सूत्र एका ओळीचं आहे: तरंगलांबी म्हणजे वेग भागिले वारंवारता. तरीही उत्तरं चुकतात, आणि भागाकारामुळे फार क्वचित. उत्तर चुकलं की सगळी आकडेमोड पुन्हा पहिल्यापासून करत बसू नका. आधी बघा, ते किती पटीने चुकलंय. बहुतेक वेळा त्या पटीतूनच चूक सापडते.

हजारपटीने चुकलं असेल तर एककं तपासा. प्रकाशाचा निर्वातातला वेग आपल्या डोक्यात 'सेकंदाला तीन लाख किलोमीटर' असा पक्का बसलेला असतो. तोच आकडा सूत्रात घातला की उत्तर किलोमीटरमध्ये येतं, आणि आपण ते मीटर समजून पुढे जातो. मीटर हवे असतील तर वेग तीस कोटी मीटर घ्यायला हवा. दुसरी जागा म्हणजे किलो, मेगा, गिगा हे उपसर्ग. इथे शून्यं मोजत बसण्यापेक्षा तीन सोप्या रीती पाठ असलेल्या बऱ्या. वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये असेल तर ३०० ला तिने भागा, उत्तर मीटरमध्ये येईल. गिगाहर्ट्झमध्ये असेल तर ३० ला भागा, सेंटीमीटर मिळतील. टेराहर्ट्झ असतील तर ३०० ला भागा, मायक्रोमीटर मिळतील.

काही जोड्या लक्षात असल्या तर चुकलेलं उत्तर बघताक्षणी खटकतं. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे १ मीटर. १०० मेगाहर्ट्झचं एफएम केंद्र ३ मीटरवर, १००० किलोहर्ट्झचं मध्यमलहरी केंद्र ३०० मीटरवर, २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय साडेबारा सेंटीमीटरवर. वायफायचं उत्तर १२५ मीटर आलं, तर कॅल्क्युलेटर काहीही म्हणो, ते चूकच आहे.

उत्तर सुमारे सहापटीने लहान आलं? मग दिलेली वारंवारता कोनीय आहे, म्हणजे रेडियन प्रति सेकंदात. तिला २ पायने (सुमारे ६.२८ ने) भागून आधी हर्ट्झ करा. भौतिकशास्त्राच्या पेपरात ही गफलत हमखास होते.

उत्तर लाखो पटींनी मोठं आलं, तर तरंग ध्वनीचा आहे का ते बघा. अल्ट्रासाउंडची वारंवारता मेगाहर्ट्झमध्येच सांगतात, पण तो विद्युतचुंबकीय तरंग नाही. १ मेगाहर्ट्झचा रेडिओतरंग ३०० मीटरचा असतो, तर तेवढ्याच वारंवारतेचा ध्वनितरंग पाण्यात जेमतेम दीड मिलिमीटरचा.

माध्यम विसरण्याची चूक

या चुकीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्यात आकडेमोड अगदी बरोबर असते आणि उत्तरही पटण्यासारखं दिसतं. ते फक्त दीडपट मोठं असतं.

वारंवारता ठरते स्रोतावर. तरंग हवेतून काचेत शिरला तरी ती बदलत नाही. बदलतो तो वेग, आणि त्याच्यासोबत तरंगलांबी. ६०० नॅनोमीटरचा नारिंगी प्रकाश १.५ अपवर्तनांकाच्या (म्हणजे जिच्यात प्रकाशाचा वेग निर्वातापेक्षा १.५ पटीने कमी असतो अशा) काचेत ४०० नॅनोमीटरचा होतो. म्हणून तो जांभळा होत नाही. वारंवारता ५०० टेराहर्ट्झच राहते. तेव्हा माध्यमातली तरंगलांबी हवी असेल, तर निर्वातातल्या उत्तराला अपवर्तनांकाने भागायचं.

केबल कापताना हीच चूक महागात पडते. आत भरीव पॉलिथिलीन असलेल्या कोअॅक्शियल केबलमध्ये तरंगाचा वेग प्रकाशाच्या सुमारे ६६ टक्के असतो. १०० मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीचा तुकडा हवा असेल, तर तो ७५ नव्हे, साधारण साडेएकोणपन्नास सेंटीमीटरचा लागतो. फोम भरलेल्या केबलमध्ये वेग जास्त असतो, म्हणून कापण्याआधी उत्पादकाने दिलेला वेग-गुणांक (केबलमधला वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती टक्के, तो आकडा) बघाच. अँटेनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: पातळ तारेचा अर्धतरंग डायपोल (अर्ध्या तरंगलांबीएवढी सरळ तारेची अँटेना) हिशोबापेक्षा सुमारे पाच टक्के आखूड ठेवावा लागतो. तिथे रूपांतर चुकलेलं नसतं. तारेच्या टोकांच्या परिणामामुळे तसं करावं लागतं.

वेग तीस कोटी धरल्याने ०.०७ टक्के फरक पडतो, कारण नेमका आकडा २९,९७,९२,४५८ आहे आणि १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावर बेतली आहे. रेडिओच्या कामात या फरकाने काही बिघडत नाही. वर्णपटाच्या कामात मात्र बिघडतं. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत, आणि तिथे हा फरक ०.४ नॅनोमीटर भरतो. दोन रेषांमधल्या अंतराचा बराचसा भाग त्यातच जातो.

फरकाचं थेट रूपांतर नको

एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे रुंदी २० मेगाहर्ट्झ. ३०० ला २० ने भागलं की १५ मीटर येतात, पण पट्ट्याच्या रुंदीशी त्या १५ मीटरचा काही संबंध नाही. दोन्ही टोकं वेगवेगळी काढा: ३.४१ आणि २.७८ मीटर. फरक जेमतेम ६३ सेंटीमीटर. नातं व्यस्त असल्यामुळे वारंवारतेच्या अक्षावरची समान अंतरं तरंगलांबीच्या अक्षावर समान राहत नाहीत. आलेखाच्या शिखराचंही तेच होतं. सूर्याच्या पृष्ठतापमानाला प्रारणाचा आलेख तरंगलांबीनुसार काढला तर शिखर ५०० नॅनोमीटरच्या आसपास येतं; वारंवारतेनुसार काढला तर ३४० टेराहर्ट्झजवळ, म्हणजे सुमारे ८८० नॅनोमीटरवर. दोन्ही आलेख बरोबर आहेत. एकाचं शिखर सूत्रात घालून दुसऱ्याचं मिळत नाही; त्यासाठी आलेख नव्या अक्षावर पुन्हा काढावा लागतो.